दिवाळीच्या किल्ल्यासाठी भिंतीवरचं शेवाळं खरवडायचं का?

किल्लेदारीण
नमस्कार मंडळी. प्रश्न पोरकट वाटेल, पण गंभीरपणे विचारतेय. आमच्या पेठेत (सातारा) दरवर्षी किल्ल्यांची स्पर्धा असते. माती, पोती, विटा, मावळे, सगळं ठीक. पण किल्ला हिरवागार दिसला पाहिजे म्हणून पोरं उलथनी-खुरपी घेऊन जुन्या वाड्यांच्या भिंती, आडाचे काठ, देवळामागचा दगडी तट खरवडत सुटतात. मखमलीच्या चकत्या निघतात, बुरुजाखाली चिकटवल्या जातात, भाऊबीजेपर्यंत तपकिरी होतात आणि किल्ल्याबरोबर कचऱ्यात.

जवळच्या भिंती आता बोडक्या झाल्यात, म्हणून यंदा एक हौशी पालक यवतेश्वराच्या डोंगराच्या अंगाने जाऊन झाडांच्या खोडांवरचं पोतंभर घेऊन आले. मी परीक्षक आहे, तेव्हा नियम करायचा अधिकार थोडाफार आहे. हे काढलेलं परत येतं का? किती वर्षांत? आणि आपल्या भागात याची नोंद, अभ्यास कोणी करतं का, की मीच उगाच डोक्याला ताप करून घेतेय?

उगाचच
आता शेवाळ्याचीही संघटना निघणार. "खरवडू नका, आम्हीही मावळेच!"

कंदीपेढा
पहिला नंबर कुणाला दिलात ते आधी सांगा, मग बोलू.

चिरेबंदी
मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीची कामं करतो. उलट बाजू मांडतो. भिंतीवरचं शेवाळं गेलेलंच बरं. ते पाणी धरून ठेवतं, दगडांमधल्या दरजा सतत ओल्या राहतात, त्यात धूळमाती साठते, मग पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी येऊन रुजतं आणि पाच-सात वर्षांत बुरूज उकलतो. गडांवर संवर्धनाची कामं करणारे मावळे सुट्टीच्या दिवशी येऊन तट साफ करतात ते काही हौस म्हणून नाही. पोरांनी वाड्याची भिंत साफ केली तर मालकाने त्यांना चहा पाजावा.

फक्त एक. ॲसिड ओतून साफ करू नका. चुन्याच्या दरजा असतील तर ॲसिडने चुनाच विरघळतो. शेवाळ्याने शंभर वर्षांत केलं नसतं तेवढं नुकसान एका कॅनमध्ये होतं.

गडग्यावरचो
आमच्याकडे पावसात गडग्यार, पाखाडीर सगळीकडे ह्या हिरवा येता. दिसाक बरा दिसता, पण म्हातारी माणसा घसरान पडतत त्येचा काय? आमी ब्लिचिंग पावडर मारतव. दुसरो उपाय आसलो तर सांगा.

भिंगवाला
सगळी नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे लांबण लागेल. सांभाळून घ्या.

आपण ज्याला सरसकट शेवाळं म्हणतो त्यात वेगवेगळी मंडळी आहेत. गडग्यावरचे म्हणतात तो पाय घसरवणारा बुळबुळीत थर बहुतेक वेळा शैवाल आणि नील-हरित जिवाणूंचा असतो. किल्ल्यावर चिकटवतात ती बारीक पानांची मखमल म्हणजे मॉस. पावसाळ्यात ओल्या मातीवर चपट्या हिरव्या फिती पसरतात, दोन-दोन फाटे फुटत जातात, ती लिव्हरवर्ट. अकरावीला पाठ केलेले रिक्सिया आणि मार्केंशिया यातलेच. आणि तशाच फितींमधून बारीक शिंगं वर आलेली दिसली तर हॉर्नवर्ट. शेवटचे तिघे मिळून ब्रायोफायटा. जगात मॉसच्या बारा हजारांच्या आसपास जाती, लिव्हरवर्टच्या सात हजारांवर, हॉर्नवर्टच्या दोनशेहून थोड्या जास्त. भारतात सगळे मिळून अडीच हजारांच्या पुढे.

यांना मुळं नसतात. मुळांसारखे दिसणारे धागे दगडाला, सालीला धरून ठेवण्यापुरते. पाणी आणि क्षार थेट पानांतून आत जातात. म्हणजे पाऊस, धुकं, हवेतली धूळ, जे अंगावर पडेल तेच अन्नपाणी. अंगातलं पाणी उडून जाऊ न देण्याची सोय जवळपास नाहीच, त्यामुळे हवा कोरडी झाली की हेही कोरडे. मार्चमध्ये तटावर काळपट कुरळा थर दिसतो तो मेलेला नसतो. त्यावर पाणी शिंपडून बघा, चहा उकळेपर्यंत पानं उघडतात.

आता किल्लेदारीण बाईंचा प्रश्न. वाड्याच्या भिंतीवर साधारणपणे हायोफिला, बार्ब्युला, ब्रायम अशी मंडळी असतात. ही माणसाच्या शेजारी राहायला सरावलेली. कोपऱ्यात थोडी शिल्लक ठेवली तर काही पावसाळ्यांत पुन्हा पसरतात. त्यांची मला काळजी नाही. ते यवतेश्वराचं पोतं मात्र वेगळं प्रकरण आहे. खोडावरचा जाड थर एका जातीचा नसतो. त्यात चार-पाच प्रकारची मॉस, बारीक लिव्हरवर्ट, नेच्यांची पिल्लं, आमरीची (ऑर्किडची) रोपं, किडे, सगळं एकत्र असतं. ते काही भाऊबीजेच्या पुढच्या वर्षी परत येत नाही.

मिरजेची माई
भिंगवाला सर, फार छान. फ्युनारियाची आकृती काढून काढून माझं अर्धं आयुष्य गेलं. कॅप्सूल, त्यावरची टोपी, तोंडाशी दात. प्रत्यक्ष फ्युनारिया मात्र कॉलेज सुटल्यावर घराच्या मागे, पालापाचोळा जाळला होता तिथे दिसली! प्रॅक्टिकलला बाई बाटलीतलं फॉर्मॅलिनचं भूत दाखवायच्या.

भिंगवाला
माई, बरोबर जागी सापडली. जळलेल्या जमिनीवर आधी येणाऱ्यांत फ्युनारिया असते.

सरासरी माणूस
जरा कडू बोलतो. शेतकऱ्याला भाव नाही, गावात टँकर, आणि आपण भिंतीवरच्या बुरशीसाठी धागा काढतोय. (बुरशी नाही, माहितेय. प्रतिसाद देऊ नका.) शिवाय मागे वाचलं होतं की अंटार्क्टिकाजवळच्या कुठल्याशा बेटावर दीड हजार वर्षं गोठलेलं मॉस पुन्हा वाढलं. एवढं चिवट असेल तर सातारच्या पोरांच्या उलथन्याने काय होणार?

रेनकोट_ओरेगन
@सरासरी माणूस, ते सिग्नी बेट. २०१४ साली ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे आणि रेडिंग विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं. खरं आहे. पण ते बर्फात जागच्या जागी होतं, कोणी उपटून पोत्यात भरलं नव्हतं.

मी पोर्टलंडजवळ राहते. इथे छपरांवर एवढं मॉस होतं की लोक कौलांच्या माथ्यावर जस्ताच्या पट्ट्या ठोकतात, पावसाबरोबर जस्त खाली उतरतं आणि मॉस मरतं. शेजाऱ्यांच्या लेखी मी मॉसवाली बाई, कारण माझ्या छपरावर पट्टी नाही. दुसरीकडे इथल्याच जंगलांतून फुलवाल्यांसाठी आणि सजावटीसाठी खोडांवरचं मॉस पोत्यांनी ओरबाडलं जातं. एकदा सोललेल्या खोडावर पूर्वीसारखा थर यायला वीसेक वर्षं लागतात असा इथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. हा तर बारमाही ओलसर प्रदेश. तुमच्याकडे पाऊस चार महिने. हिशोब करा.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नलिनी नाडकर्णी या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ, झाडांच्या शेंड्यांवर काय काय वाढतं याच्या अभ्यासक. जंगलातलं ओरबाडणं थांबवायला मॉसची शेती करता येईल का हे बघण्यासाठी त्यांनी २००४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या सीडर क्रीक तुरुंगातल्या कैद्यांना कामाला घेतलं. वेळ भरपूर, निरीक्षण बारीक, आणि मॉस वाढवायला धारदार हत्यारं लागत नाहीत. त्यातूनच पुढे तिथल्या तुरुंगांमधला पर्यावरणाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला.

उगाचच
येरवड्यात सुरू करायला हरकत नाही. 'कारागृह निर्मित शेवाळं', दिवाळी स्टॉल.

किल्लेदारीण
@उगाचच, हसू नका, मी पहिली गिऱ्हाईक.

पहाडी पाहुणा
कुमाऊँमध्ये काही वर्षं नोकरीनिमित्त होतो. तिथे बांज म्हणजे ओकच्या जंगलातून 'मॉस घास' गोळा करून विकणं हा गावकऱ्यांचा जोडधंदाच. सजावट, पॅकिंग, रोपवाटिका. डोक्यावर भारे घेऊन बायका उतरताना दिसायच्या. सरसकट बंद करा म्हणणं सोपं, पण हिवाळ्यात त्या घरात दुसरा पैसा नसतो. उत्तराखंड वनविभागाने २०२० मध्ये नैनितालजवळ खुर्पाताल इथे देशातलं पहिलं मॉस उद्यान केलं. मी गेलो होतो. पाट्या नीट आहेत, लोक येऊन सेल्फी काढतात आणि विचारतात, "उद्यान कुठाय?"

झुळूक
महाबळेश्वरला घाटात कठड्यावर हे सगळं असतं ना? आम्ही नवरा-बायको त्यावर हात फिरवत उभे होतो, मागून एक जण म्हणाला "साप असतो त्यात". विषय संपला.

भिंगवाला
साप क्वचित. जलअस्वलं मात्र हमखास. अर्ध्या मिलिमीटरचा आठ पायांचा जीव, मॉसबरोबर वाळतो, मॉसबरोबर जागा होतो. ओलं मॉस बशीत पिळा आणि पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

तसंच शीळकरी कस्तूराचं घरटं. ओढ्याकाठच्या कपारीत मॉस आणि मुळ्या चिखलाने लिंपून वाटी केलेली असते.

@सरासरी माणूस, टँकरचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. मॉस लावल्याने टँकर थांबेल असं कोणी म्हटलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण २०२३ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात सगळ्या खंडांमधल्या १२३ परिसंस्थांमधली जमीन तपासली होती. जमिनीवरच्या मॉसचा पसारा जगभर ९४ लाख चौरस किलोमीटर निघाला, म्हणजे जवळपास चीनएवढा. आणि उघड्या मातीच्या तुलनेत मॉसखालच्या मातीत मिळून ६.४ अब्ज टन जास्त कार्बन. आपल्या जांभ्याच्या सड्यांवर तर हे डोळ्यांनी दिसतं. उघड्या कातळावर आधी निळसर-काळा थर, मग मॉस, मॉसमध्ये अडकलेली चिमूटभर माती, आणि त्या मातीत सीतेची आसवं आणि गेंद. कासला लोक फुलांचे फोटो काढायला जातात. पायाखाली काय चेंगरलं जातंय ते बघायला कोणी जात नाही.

पर्जन्यमापक
इथे मला बोलायचं होतं. बदलत्या हवामानाबद्दल सगळे 'दुष्काळ पडला की मॉस मरेल' असं गृहीत धरतात. दुष्काळाची त्यांना सवय आहे. घात होतो तो अर्धवट पावसाने.

वाळलेलं मॉस ओलं झालं की पहिली काही मिनिटं ते कमवत नाही, खर्च करतं. फाटलेली पेशीपटलं दुरुस्त करायची, यंत्रणा चालू करायची. त्यानंतर प्रकाशसंश्लेषण सुरू होऊन तूट भरून निघते. पण सर अशी आली की दगड ओला झाला आणि तासाभरात ऊन पडून पुन्हा वाळला, तर तूट भरतच नाही. दुकान उघडायचं, दिवे लावायचे, गिऱ्हाईक यायच्या आत शटर ओढायचं, आणि हे रोज. अमेरिकेत यूटा राज्यात, कोलोरॅडो पठारावर हाच प्रयोग केला होता, निकाल २०१२ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये आले. उन्हाळ्यात जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या सरी वारंवार दिल्या. वाळवंटातलं ते चिवट मॉस झपाट्याने मेलं. तापमान वाढवून झालं नव्हतं ते शिंतोड्यांनी झालं.

आता आपल्याकडचं बघा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्राचा मोठा भाग येतो, व्यापक अतिवृष्टीच्या घटना साधारण तिप्पट झाल्या. पाऊस एकदम कोसळतो, मध्ये खंड पडतात. त्यात फेब्रुवारी-मार्चचा अवकाळी.

सरासरी माणूस
थांबा. यूटाच्या वाळवंटातलं मॉस आणि आंबोलीचं मॉस एकच का? आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटर पडतो. आणि वळीव आजोबांच्या काळातही पडायचा. सह्याद्रीतली मॉस हजारो वर्षं वळीव सोसत आलीच असतील की.

पर्जन्यमापक
मुद्दा बरोबर आहे. तो प्रयोग जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. यंत्रणा तीच, पण इथल्या कुठल्या जातीची सहनशक्ती किती हे मोजावं लागेल. शिवाय एप्रिल-मेचा वळीव संध्याकाळी पडतो, रात्रभर ओल राहते. फेब्रुवारीत भर दुपारी येणारी भुरभुर वेगळी.

चिरेबंदी
म्हणजे तुम्हालाही नक्की सांगता येत नाही.

पर्जन्यमापक
नाही येत. कारण एकाच कातळाचा वीस वर्षांपूर्वीचा आणि आजचा फोटो कोणाकडे नाही. फुलपाखरांच्या, पक्ष्यांच्या याद्या गावोगाव आहेत. मॉसची नोंद नसल्याने कमी झालं की वाढलं हे भांडायलाही आधार नाही. युरोपात २०१९ ला मॉस-लिव्हरवर्टची लाल यादी आली. अठराशेहून जास्त जाती तपासल्या, त्यातल्या २२ टक्क्यांहून थोड्या जास्त धोक्यात निघाल्या. हे सांगता आलं कारण तिथे दीड-दोनशे वर्षं पाद्री, डॉक्टर, पोस्टमास्तर असली हौशी मंडळी नमुन्यांची पाकिटं भरत बसली होती.

कंदीपेढा
पॉपकॉर्न संपले. चालू द्या.

लेणीवेडा
आमचा गट लेण्या बघत फिरतो. पावसाळ्यात गुहेच्या तोंडाशी, उजेड जेमतेम पोचतो तिथे, ओल्या भिंतीवर काहीतरी पिवळसर-हिरवं चमकतं. बॅटरी बंद केली तरी बाहेरच्या उजेडात झळाळी येते. एकाने 'दैवी' म्हणून व्हिडिओ टाकला आणि तो व्हायरल झाला. ते काय असेल?

भिंगवाला
फोटो बघितल्याशिवाय शपथ घेणार नाही, पण वर्णनावरून सायॅथोडियम. लिव्हरवर्ट आहे. अगदी पातळ असतं, आणि पेशींची रचना अशी की तिरपा मंद उजेड परत फेकला जातो. स्वतःचा प्रकाश नाही. बॅटरी नेमकी तुमच्या डोळ्यांच्या रेषेत धरून बघा, जास्त चमकेल. आणि कृपा करून बोटाने पुसून बघू नका, एका बोटाच्या रेघेत सगळं जातं. त्या व्हिडिओवाल्याला सांगा, दैवी म्हण हवं तर, पण नारळ-अगरबत्ती तिथे नको.

लेणीवेडा
उशीर झाला, हळदकुंकू वाहिलेलं दिसलं मागच्या खेपेला.

देवराईकर
भिंगवाला सरांच्या पोत्याच्या मुद्द्याला जोडून. सिंधुदुर्गातल्या बऱ्याच देवरायांत आता जीर्णोद्धाराची लाट आहे. मंदिर काँक्रीटचं, सभोवार फरशी, गाड्या वळवायला जागा म्हणून चार मोठी झाडं कमी. कुऱ्हाड बाकीच्या रानाला लागत नाही म्हणून सगळे खूश. पण कडेची झाडं गेली की वारा आणि ऊन आत शिरतं. आमच्याकडे दाट सावलीत झुडपांच्या जिवंत पानांवर नक्षीसारखी लिव्हरवर्ट वाढायची, पान उन्हात धरलं की ठिपके-ठिपके दिसायचे. ती फरशीच्या बाजूने दिसेनाशी झाली, ओढ्याच्या बाजूला आहेत. झाड एकही न तोडता रान आतून कसं कोरडं होतं ते त्या पानांवर कळतं.

गुरव, मानकरी यांना हे समजावणं कठीण नाही, असा माझा अनुभव. देवाच्या रानातलं काही न्यायचं नाही हा नियम त्यांचाच. कठीण असतं ते मुंबईहून वर्गणी पाठवणाऱ्यांना.

मुंबईची वर्गणी
हजर! (आयडी खास या प्रतिसादासाठी काढलेला नाही, योगायोग आहे.) आमच्या गावच्या देवळाला पेव्हर ब्लॉक आम्हीच दिले. म्हातारी माणसं चिखलात यायची. तुम्ही पावसात पालखी उचला एकदा, मग बोला.

देवराईकर
पालखी उचलतोच. वाट घालायला विरोध नाही. चिऱ्याची पाखाडी घाला ना, रुंदी पालखीपुरती. गाडीतळ देवराईच्या बाहेर.

गडग्यावरचो
माझ्या ब्लिचिंगाचा काय झाला? कोण बोलाक नाय.

चिरेबंदी
@गडग्यावरचो, तुमच्यासाठी सांगतो. पायऱ्यांवर जिथे पाऊल पडतं तेवढीच पट्टी काथ्याच्या ब्रशने किंवा खराट्याने आठवड्यातून एकदा घासा, पाणी साचणार नाही असा उतार काढा, वरची फांदी छाटून थोडं ऊन येऊ द्या. ब्लिचिंगने आज पांढरं होतं, ओल तशीच राहिली तर पंधरवड्यात परत हिरवं. आणि ते पाणी वाहून विहिरीकडे किंवा माडाच्या अळ्यात जातं. गडग्याच्या उभ्या दगडांवर काही मारू नका, तिथून कोण चालतंय?

गडग्यावरचो
ह्या पटला. देव बरा करो.

रेनकोट_ओरेगन
अभ्यास कशाला करायचा असा सूर मध्ये होता म्हणून पोर्टलंडची गोष्ट. मॉस हवेतलंच खातं, त्यामुळे हवेत जे असेल ते त्याच्या अंगात साठतं. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी यावरून जड धातू मोजायला सुरुवात झाली. इथे २०१३ मध्ये वनखात्याच्या संशोधकांनी शहरभरच्या झाडांवरून साडेतीनशेच्या आसपास मॉसचे नमुने गोळा केले. कॅडमियमचा नकाशा काढला तर दोन ठिकाणं लालभडक. दोन्हीजवळ रंगीत काच बनवणारे कारखाने. शहरातल्या मोजक्या महागड्या यंत्रांना ते कधी दिसलं नव्हतं. २०१६ मध्ये बातमी फुटली, पालक रस्त्यावर आले, कारखान्यांना कॅडमियम थांबवावं लागलं, नियम बदलले. चाकण, तळोजा, बुटीबोरीत कोणी असा नकाशा काढायला काय हरकत आहे?

सरासरी माणूस
हे मात्र आवडलं. हे आधी सांगितलं असतं तर मी एवढा खवचटपणा केला नसता.

उगाचच
केला असतात.

वहीपेन
मी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर आहे. २००२ च्या कायद्याने प्रत्येक पंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही करावी लागते. आमची झाली, म्हणजे एका एजन्सीने येऊन भरली. त्यात आंबा, फणस, अडुळसा आहे. मॉस, नेचे, दगडफूल या रकान्यांत आडवी रेघ. ती रेघ मला खटकते. आम्हा अडाण्यांना काय करता येईल ते सरांनी सांगावं. जाती ओळखणं आमच्याच्याने व्हायचं नाही.

भिंगवाला
जात ओळखायची घाई नकोच. फोटोवरून मॉसची जात छातीठोक सांगणाऱ्यापासून लांब राहा. पुष्कळदा पानाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. तुम्ही जागा नोंदवा. गावातली निवडक ठिकाणं ठरवा: एक कातळ, एक जुनी भिंत, एक मोठं झाड, ओढ्याचा काठ. प्रत्येक ठिकाणी दगडावर किंवा भिंतीवर नैसर्गिक खूण बघून ठेवा आणि शेजारी पट्टी धरून त्याच जागेचा फोटो घ्या. जूनच्या पहिल्या पावसानंतर, गणपतीच्या सुमारास, दिवाळीला आणि होळीला. सोबत लिहायचं ते दगडावर की सालीवर की मातीवर, सावली किती, तोंड कुठल्या दिशेला, वणवा लागला का, कोणी खरवडलं का. दहा वर्षांनी त्या वहीला जी किंमत येईल ती आज नावांच्या यादीला नाही.

नमुना घ्यायचाच असेल तर जमीन कोणाची ते बघून परवानगी काढा. वनखात्याच्या हद्दीत लेखी. नखाएवढा तुकडा पुरतो. वर्तमानपत्राच्या कागदाची घडी घालून पाकीट करायचं, सावलीत वाळवायचं, पाकिटावर तारीख, ठिकाण, कशावर होतं ते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाल तर कुजेल. हेच या अभ्यासाचं सुख आहे: दाबायचं यंत्र नको, रसायन नको. शंभर वर्षांपूर्वीचं पाकीट उघडून पाण्याचा थेंब टाकला तरी पानं उलगडतात आणि तपासता येतात. मुंबईचं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, १९०६ पासूनचं, पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ पासून आहे. भारतातल्या ब्रायॉलॉजीचा, म्हणजे मॉस-लिव्हरवर्टच्या अभ्यासाचा, पाया घालणारे शिवराम कश्यप लाहोरला कॉलेजात शिकवता शिकवता हिमालयात पायी हिंडून हेच करत होते.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळजी वापरतात तसलंही चालेल.

मिरजेची माई
सर, उलटं भिंग धरून फोनच्या कॅमेऱ्यावर लावलं तर छान फोटो येतात. नातवाने शिकवलं.

आमरीप्रेमी
ऑर्किडवाल्यांची बाजू मांडायला कोणी नाही म्हणून आलो. आम्ही कुंड्यांत स्फॅग्नम नावाचं मॉस वापरतो. ते सह्याद्रीतलं नव्हे, चिली-न्यूझीलंडहून वाळवून येतं. स्वतःच्या वजनाच्या वीसेक पट पाणी धरतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कापसाऐवजी जखमांवर बांधायचे. बहुतेक जातींना मी आता नारळाचा काथ्या आणि कोळसा वापरतो, कोकणातला माणूस काथ्या सोडून मॉस विकत घेतो हे बरं दिसत नाही. पण 'नैसर्गिक जंगली मॉस' नावाने नर्सरीत पाकिटं मिळतात, ती कुठून येतात हे दुकानदाराला विचारा. मला आजवर एकानेही धड सांगितलेलं नाही.

पहाडी पाहुणा
पाकिटात ओकची पानं सापडली तर समजा, आमच्याकडून.

किल्लेदारीण
धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं. मंडळाच्या बैठकीत मांडून आले, निकाल सांगते.

जंगलातून, झाडांच्या खोडांवरून आणलेलं मॉस दिसलं तर किल्ला स्पर्धेतून बाद. यावर फारसं कोणी भांडलं नाही. ते पोतंवाले पालक बैठकीला आलेच नाहीत. भिंतीवरच्या मॉसवर मात्र तासभर वाद. चिरेबंदींचा मुद्दा मी तिथे मांडला, तो वाडामालकांना फार आवडला. शेवटी ठरलं ते असं: ज्या वाड्याची दुरुस्ती निघालीच आहे तिथलं मालकाला विचारून घ्यायचं, देवळामागचा तट सोडायचा. हिरवळीसाठी नाचणी किंवा अळीव पेरणाऱ्याला पाच गुण जास्त. आणि तटाचा पट्टी धरून फोटो काढायचं काम नववीच्या दोन मुलींनी घेतलंय, वहीपेन यांनी नमुना तक्ता पाठवावा ही विनंती.

एकाच गोष्टीवर समाधान नाही. पोरं म्हणतात, नाचणी लांबून गवत दिसते, मॉस खरं जंगल दिसतं. प्रमाणाच्या हिशोबाने त्यांचं बरोबर आहे.

कंदीपेढा
पाच गुण फार होतात हो. आमच्या किल्ल्याला मागच्या वर्षी तीन गुणांनी दुसरा नंबर आला होता.

वहीपेन
तक्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आमच्या पंचायतीत आडवी रेघ खोडून 'निरीक्षण चालू' लिहिलं. ग्रामसेवक विचारतात, याला निधीचं शीर्षक कोणतं.

भिंगवाला
नाचणी आठवडाभर आधी पेरा, रात्रभर भिजवून. अळीव त्याहून लवकर येतो, पण पाणी जास्त झालं की कुजतो. आणि त्या नववीच्या मुलींना माझ्याकडचं एक भिंग पाठवतो, पत्ता व्यनि करा.

नवीन_सदस्य_४२
नमस्कार, धागा पूर्ण वाचला नाही. आमच्या गच्चीवरच्या टाकीला हिरवं शेवाळ आलंय, कुठलं ॲसिड चांगलं?

उगाचच
चिरेबंदी, धरा याला.